माझ्या देवाची तक्रार, वहिनीकडे

या सदरात येणारे अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसते. विहिरीवर दिसलेली बाई, अंगात येणारी मावशी, पिंपळाखाली ऐकू आलेली हाक... मला यातलं काही पटत नाही. माझं शिक्षण सिकंदराबादच्या एका मिशन बोर्डिंगात झालं, पण केवळ त्यामुळे नव्हे. मुळात माझा स्वभावच तसा आहे – आधी बघायचं, मग पुन्हा एकदा बघायचं, आणि तरीही बोलायचं नाही. देवावर माझा विश्वास आहे. पण देव असणं वेगळं, आणि देवानं कुणाला गोष्टी सांगत बसणं वेगळं. पहिलं मी कधी नाकारलं नाही. दुसरं कधी मानलं नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. नावं गाळली आहेत, कारण ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती सगळी माणसं हे मासिक वाचतात – एक वहिनी सोडून. तिला वाचता येत नाही.

आम्ही मोगलाईतली माणसं. माझे वडील, म्हणजे अण्णा, निजाम सरकारच्या रेल्वेत, मुदखेड जंक्शनला असिस्टंट स्टेशन मास्तर आहेत. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे पडवी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतला एक कोनाडा – तेच आमचं देवघर. यार्डात शंटिंग चालू असलं आणि डबा डब्यावर आदळला की कोनाड्यातली घंटा आपोआप वाजते. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच घरी अशी वाजते.

मी आठ वर्षांची असताना आई गेली. आमच्याकडे मुलीला लग्नात माहेरून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात. आईनं तिची अन्नपूर्णा घराला ठेवली आणि बाळकृष्ण माझ्या मुठीत दिला. लहान बोराएवढा, रांगणारा, पितळी. एका हातात लोण्याचा गोळा, डावा गुडघा आईच्या आईपासून घासून घासून गुळगुळीत झालेला. “एकटी राहू नको,” एवढंच आई म्हणाली.

त्याच वर्षी अण्णांनी मला बोर्डिंगात घातलं. बाळकृष्ण मी लोकरीच्या मोज्यात घालून ट्रंकेच्या तळाशी नेला. तिथं रविवारी दुपारी मुलींनी घरी पत्रं लिहायचा तास असे. मी अण्णांना इंग्रजीत चार ओळी लिहून मोकळी होई – I am well, I hope you are well – आणि उरलेला वेळ मुठीतल्या त्याला सगळं सांगत बसे. मनातल्या मनात, ओठ न हलवता. कुणी माझी वेणी ओढली, कुणाला घरून चिवडा आला, भूगोलात किती मार्क पडले, सगळं. दहा वर्षं. तो कधी काही बोलला नाही आणि मीही कधी अपेक्षा केली नाही. मला वाटे, देव बोलत नसतात, त्यांची रीतच ती. शिवाय माझ्या हातून एकदा त्याच्या बाबतीत एक फार वाईट गोष्ट घडली होती. काय, ते पुढं सांगते. ती मी कुणाला सांगितली नव्हती, त्यालासुद्धा नाही. त्यामुळे तो गप्प आहे हे मला बरोबरच वाटे.

सिनियर केंब्रिज करून परत आले तेव्हा घरात वहिनी आली होती. माझा भाऊ नांदेडला एका वकिलाकडे मुन्शी आहे, शनिवारी घरी येतो. वहिनी उदगीरजवळच्या खेड्यातली, शेतीवाल्या घरातली. माझ्याहून वर्षानं लहान, पण मी तिला वहिनी म्हणायचं आणि तिनं मला वन्सं. आपल्या आईला ती अव्वा म्हणते. तिच्या अव्वानं दिलेला बाळकृष्ण कोनाड्यात होताच. मी माझा त्याच्या शेजारी ठेवला. दहा वर्षांनी तो उजेडात बसला होता, म्हणून मला बरं वाटलं होतं.

आठ-दहा दिवस झाले असतील. वहिनी ताम्हनात देवांना आंघोळ घालत होती आणि एकदम हसली. मी पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, काय झालं.

“काही न्हाई, वन्सं. हा तुमचा लई बोलका हाय. माझा बघा, मूग गिळून बसलाय. तुमचा उठल्यापासून सुरू.”

मी विचारलं, काय बोलतो? हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं. ती म्हणाली, असंच, इकडचं तिकडचं. आणि त्याला आज दूध नको, साय पाहिजे, म्हणून सायीची वाटी आणायला उठली.

मला काय वाटलं ते त्या वेळी मी स्वतःलाही सांगितलं नाही. नवऱ्यावरून, दागिन्यावरून, गोऱ्या रंगावरून जळणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. देवावरून जळणारी पाहिली नव्हती... म्हणजे आरशात पाहीपर्यंत.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवली. मला ते जमतं. ती ढोंगी असती तर मी पकडली असती, आणि मला तिला पकडायचंच होतं. एकदा ती पाणी आणायला गेली असताना मी दोघा बाळकृष्णांची अंगडी-टोपडी बदलली, जागाही बदलल्या. दोघं साधारण एकाच मापाचे. ती आली, कळशी उतरवली, आणि कोनाड्याकडे नीट न बघताच दोघांना उचलून पुन्हा जिथल्या तिथं ठेवलं. मी मनाला सांगितलं, गुडघ्यावरून ओळखला असेल. ती मला काही बोलली नाही. हेही मला सहन झालं नाही.

ढोंगी माणूस गिऱ्हाईक गोळा करतं. वहिनीनं तेही केलं नाही. शेजारच्या क्वार्टरमधली गार्डाची बायको एकदा आली. तिचा थोरला लढाईवर गेलेला, दोन महिने पत्र नव्हतं. ती वहिनीला म्हणाली, तुमच्या देवाला विचारा की. वहिनी म्हणाली, मावशी, तो पोस्टमन न्हाई. मग तिनं मावशींना बसवून घेतलं, चहा केला, आणि त्या मुलाच्या लहानपणच्या खोड्या तासभर ऐकत राहिली. मावशी जाताना हसत गेल्या. मी हे खिडकीतून पाहिलं आणि मला तिचा आणखीनच राग आला.

मग मी स्वतः प्रयत्न सुरू केले. तिच्याआधी उठायचं, तिच्याआधी आंघोळ करायची. संस्कृत स्तोत्रं मी पुस्तकावरून पाठ केली, उच्चार शुद्ध. वहिनीला एक आरती धड येत नव्हती; दुसऱ्या कडव्यापासून ती नुसता सूर धरी. मी एकादशा केल्या. अर्धा-अर्धा तास डोळे मिटून कोनाड्यासमोर बसले. यार्डातलं इंजिन ऐकू आलं, घंटा वाजली, मांडीला मुंग्या आल्या. बाकी काही नाही. आणि मी उठले की ती बसे, आणि पाच मिनिटांत तिचा चेहरा असा होई, जसा कुणीतरी गमतीची गोष्ट अर्ध्यावर आणून ठेवल्यावर होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे अण्णा. अण्णांनी आई गेल्यापासून देवाला हात जोडले नव्हते. ते आता ड्यूटीवर जाण्याआधी, युनिफॉर्म घालून, टोपी मांडीवर घेऊन, पाच मिनिटं वहिनीच्या पूजेला बसू लागले. ते काही बोलत नसत. पण बसत.

लातूरच्या मामांचं पत्र आलं – तिथल्या शाळेतला एक मास्तर आहे, घर चांगलं आहे, मुलीला आठवडाभर पाठवा. जायच्या आदल्या दिवशी मी ट्रंक भरत होते, तेव्हा पडवीत वहिनी अण्णांना सांगताना ऐकू आलं, “त्याला आज करमून न्हाई राहिलं, मामंजी.” आणि अण्णा म्हणाले, “का गं? काय झालं त्याला?” इतक्या मऊ आवाजात अण्णांनी माझी चौकशी केल्याचं मला आठवत नाही. बोर्डिंगातून मी दहा वर्षं I am well लिहीत होते आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी रेल्वेच्या नळावर गेली, तेव्हा मी कोनाड्यातून माझा बाळकृष्ण काढला. अंगडं काढलं, जुन्या लोकरीच्या मोज्यात घातला, ट्रंकेच्या तळाशी ठेवला, वर कपडे, वर कुलूप. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात, पोलक्याच्या आत. वहिनी कळशी घेऊन आली. तिनं कोनाड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बाळकृष्ण लगीन झाल्यावर न्यायचा असतो, वन्सं.”

“माझा आहे तो,” मी म्हटलं.

 तिनं शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून दिली, आणि फाटकाशी उभी राहून हात हलवला. मी हलवला नाही.

भाऊ मला पोचवायला आला होता. परभणी, परळी, मग लातूर रोड आणि तिथून मोटारीनं लातूर. सोमवारी संध्याकाळी पोचलो. मामांची गंजात, म्हणजे तिथल्या बाजारपेठेत, आडत आहे. घरभर शेंगतेलाचा वास, येणारी-जाणारी माणसं. मामीचं सोवळं कडक. बिन-लग्नाच्या पोरीनं घरातला देव उचलून आणला म्हटल्यावर तिनं काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. म्हणून मी तो बाहेर काढला नाही. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की मला तो काढायचाच नव्हता. राहू दे, असं वाटत होतं. बोल आता. इथं मी सोडून कोण आहे तुझं? मंगळवार गेला, बुधवार गेला. आंघोळ नाही, नैवेद्य नाही. रोज जेवताना घासाघासाला मला ते टोचे, आणि तरी मी किल्ली गळ्यातून काढली नाही.

गुरुवारी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे चुलते. पोहे झाले. मला इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला लावलं. मी वाचलं, खाली मान घालून. मुलगा मान खाली घालूनच ऐकत होता. इतक्यात टपाल आलं. मामांना एक सवय आहे – पत्र आलं की ते मोठ्यानं वाचतात, आणि सुरू केलं की थांबत नाहीत. पोस्टकार्ड अण्णांचं होतं, माझ्या नावचं. मामा कौतुकानं म्हणाले, बघा, वडिलांचा जीव! आणि वाचू लागले. ते कार्ड माझ्याकडे अजून आहे, म्हणून मजकूर जसाच्या तसा देते:

“अनेक आशीर्वाद. सुनबाई सांगते ते लिहितो. देवाला ट्रंकेतून बाहेर काढावे. तो पालथा पडला आहे. आंघोळ नाही, खाणे नाही. लोकरीने अंग खाजते म्हणतो. डाव्या गुडघ्याला पिन टोचते, ती आधी काढावी. कळावे. ता. क. – वरील मजकुराशी माझा संबंध नाही. लिहून द्या म्हणून दोन तास मागे लागली, सबब लिहिले.”

 मामांचा आवाज शेवटच्या ओळीला जरा उतरला होता. कार्डावरचा शिक्का मी नंतर पाहिला. मंगळवारचा होता. म्हणजे माझी ट्रंक मामीच्या माजघरात ठेवून एक रात्र झाली होती, तेव्हा ते मुदखेडला पेटीत पडलं होतं.

त्या क्षणी मला शरम वाटायला हवी होती. ती वाटलीच. पण तिच्याखाली दुसरं काही होतं, ते लिहायला हवं. माझ्या मनात पहिला विचार आला – तक्रारसुद्धा तिच्याकडेच! माझ्या ट्रंकेत, माझ्या कुलपात, माझ्यापासून दहा हातांवर पडून, यानं गाऱ्हाणं नेलं ते मुदखेडला. आणि दुसरा विचार आला तो आनंदाचा होता. पिन! पिन नव्हतीच. मोज्यात त्याच्याशिवाय काही नव्हतं. ट्रंक तिनं ओळखली असेल, मोजा कधीतरी पाहिला असेल, पण पिन चुकली. पकडली, असं मला वाटलं.

मुलाच्या आईनं विचारलं, “कोणता देव गं, मुली?”

मामी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला लागली. पण मीच उठले, ट्रंक ओढत आणली आणि सगळ्यांसमोर गळ्यातला दोरा काढला. मला ती पिन नसलेली दाखवायची होती. कपडे बाजूला केले, मोजा काढून त्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी मोजा हळूच उलटा केला.

तो पालथाच होता. आणि त्याच्याबरोबर मोज्याच्या टोकातून दुसरं एक काही घरंगळलं – माझा शाळेचा बॅज. शाळा सुटली त्या दिवशी ब्लेझरवरून काढून मीच कधीतरी त्या मोज्यात टाकला असणार; मला त्याची अजिबात आठवण नव्हती. त्याची पिन उघडली होती. तिचं टोक बाळकृष्णाच्या डाव्या गुडघ्यात, लोकरीच्या एका धाग्यानं अडकून बसलं होतं. त्या गुळगुळीत पितळेवर केसाएवढा एक नवा ओरखडा होता.

बाईंनी पिन सोडवली. बराच वेळ त्याला तळहातावर घेऊन पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “देव बोलतो तुझ्याशी?”

मामा मान डोलावत होते. मामीनं डोळ्यांनी मला सांगितलं, हो म्हण. हो म्हटलं असतं तर त्या घरात माझं केवढं नाव झालं असतं, ते मला कळत होतं. आणि मला ते हवं होतं... आजवर काहीच इतकं हवं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “माझ्या वहिनीशी बोलतो.”

परक्या माणसांसमोर मी त्या दिवशी स्वतःहून बोललेलं ते एकच वाक्य. बाई “बरं” म्हणाल्या. मामीकडे कोमट पाणी मागितलं आणि तिथंच, बैठकीत, ताम्हनात त्याला आंघोळ घातली. कुणी सोवळ्याचा विषय काढला नाही. मुलगा सगळा वेळ गप्प होता. फक्त जाताना माझ्या लक्षात आलं, की जमिनीवर पडलेला बॅज त्यानं उचलून, त्याची पिन लावून, ट्रंकेच्या झाकणावर ठेवला होता. चार दिवसांनी त्यांचा होकार आला.

मुदखेडला परत आले तेव्हा वहिनी पडवीत तूर निवडत बसली होती. मी बाळकृष्ण कोनाड्यात ठेवला, तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, कसं कळलं? ती सुपातली तूर पाखडत म्हणाली, त्यानं सांगितलं की.

“तो माझ्या ट्रंकेत होता. माझ्या हाताशी होता. मग माझ्याशी का नाही बोलला?”  मी त्या घरात मोठ्यानं बोललेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

तिनं सूप खाली ठेवलं. आणि मग तीच माझ्यावर उखडली.

“वन्सं, तुम्हाला काय वाटून राहिलं? तो माझ्याशी बोलतो? माझं नावसुद्धा घेत न्हाई तो. तुमचंच. उठल्यापासून तुमचंच. वन्संची वेणी कुणी ओढली, वन्संला भूगोलात किती पडले. माझा कान किटला. माझ्या अव्वानं दिलेला माझा, त्यानं आजवर हूं केलं न्हाई. अन् हा पाहुणा येतो, अन् माझ्या हातची साय खाऊन दिवसभर दुसरीचं कौतुक सांगतो. मला काय गोड लागत असंल?”

 ती बोलतच होती, तुरीच्या दाण्यांकडे बघत. म्हणाली, अन् त्या मेट्रनबाईनं पोरींची झडती घेतली, ते तर त्यानं शंभरदा सांगितलं असंल.

मी तिच्या सुपाशेजारी खाली बसले.

ती वाईट गोष्ट आता सांगते. मी दहा वर्षांची असेन. कुणीतरी खाऊ चोरून आणला म्हणून मेट्रननं एके सकाळी सगळ्यांच्या ट्रंका, खिसे, मुठी उघडायला लावल्या. तो माझ्या मुठीत होता. सापडला तर घेऊन जातील, एवढंच मला सुचलं, आणि मी त्याला तोंडात टाकला. जिभेखाली. नुकताच नाश्ता झालेला, तोंडही नीट धुतलेलं नाही. माझ्यासमोर येऊन मेट्रननं विचारलं, काही आहे? मी मान हलवून नाही म्हटलं. देवाला मी उष्टा केला होता, उष्ट्या तोंडानं खोटं बोलले होते, आणि त्याला तोंडात धरून बोलले होते. त्या दिवसापासून मला माहीत होतं, की हा माझ्याशी का बोलत नाही. वहिनीच्या हातानं आंघोळ करून तो का बोलू लागला, तेही मला माहीत होतं. म्हणूनच मी इतकी जळत होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना नाही, मैत्रिणीला नाही, रविवारच्या दुपारीही नाही.

“त्याला लई आवडलं ते,” वहिनी म्हणाली. “म्हणतो, यशोदेला मी माझ्या तोंडात सगळं जग दाखवलं. हिनं मलाच तोंडात धरलं. आत लई ऊब होती म्हणतो.”

मी रडले. ती उठून माझ्याजवळ आली नाही, ते बरं झालं. तिलाही तिचं दुःख होतं. डोळे पुसून मी विचारलं, मग हे सगळं त्यानं मला का नाही सांगितलं.

“तुम्हाला काय सांगायचं त्यात?” वहिनी म्हणाली. “तुम्ही तर तिथंच होता.”

लग्न झालं. रीतीप्रमाणे माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मला वहिनीनंच दिला, आईच्या जागी. मोज्यातून नव्हे, तांदळातून. आता मी लातूरला असते. आणि माझी कबुली अशी, की एवढं सगळं होऊनही माझी जळण गेली नाही. कारण कार्डं येऊ लागली. महिन्या-पंधरा दिवसांनी, अण्णांच्या अक्षरात: गुरुवारी दूध करपले होते म्हणतो. टोपड्याची नाडी तुटली आहे म्हणतो. वन्संला खोकला आहे, आलं घ्यावे. सगळं खरं असे. माझे यजमान ती कार्डं वाचून आधी हसले, मग हसायचे थांबले. ते गणित शिकवतात. मला मात्र वाटे, म्हणजे मी याच्यापाशी जे काही म्हणेन ते पोस्टाच्याही आधी मुदखेडला पोचणार. म्हणून मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. आंघोळ, गंध, नैवेद्य, बस. दहा वर्षांची रविवारची सवय मी मोडली.

मग एक कार्ड आलं, त्यात एकच ओळ होती: हल्ली वन्सं काही सांगत नाहीत, म्हणतो.

त्या रविवारी दुपारी यजमान बाहेर गेले होते, सासूबाई पडल्या होत्या. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, त्याला मुठीत घेतलं आणि सांगितलं. वहिनीचंच सांगितलं. तिचं हसू, तिचे चुकलेले सूर, अण्णांची मांडीवरची टोपी, फाटकाशी हलवलेला हात, सगळं. ती मरावी असं मला एकदा वाटलं होतं, मिनिटभर, तेही सांगितलं. सांगून झाल्यावर त्याला जागेवर ठेवलं. आता हे कार्डावर येणार. अण्णांच्या हातानं लिहिलं जाणार. तो आठवडा मी रोज टपालाच्या वेळी दाराशी उभी राहिले, निदान ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये म्हणून.

कार्ड आलं. दारातच वाचलं. “अनेक आशीर्वाद. सुनबाई म्हणते, या खेपेस त्याने काही सांगितले नाही. विचारले तर नुसता हसतो. कळावे. ता. क. – ती रुसून बसली आहे.”

त्या पिनेचं काय, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. करपलेल्या दुधाचं, खोकल्याचं, मेट्रनचंही नाही. यजमान अजून अधूनमधून काही सुचवतात आणि मी ऐकून घेते. पण या शेवटच्या कार्डाचं कुणाला काही सुचलं, तर कृपा करून मला कळवू नका. मला ते तसंच हवं आहे.